बांधकामाची व्यवस्था आणि तिचे शिक्षण

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या घरात कधी उच्चारली गेली नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच सापडेल. या म्हणीत अनुभवाचा जो अर्क साठविलेला आहे तो नीट पाहिला, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. घर बांधणे अवघड आहे ते दगड कठीण असतो म्हणून नव्हे, किंवा लाकूड महाग असते म्हणूनही नव्हे. गवंडी येतो त्या दिवशी वाळू आलेली नसते. वाळू येऊन पडते तेव्हा गवंडी गावी गेलेला असतो. सुताराने चौकटी वेळेवर दिल्या नाहीत म्हणून भिंत अडते, भिंत अडली म्हणून छप्पर अडते, आणि इतके होईतो मृग नक्षत्र डोक्यावर येऊन ठेपलेले असते. शेवटी पैसा संपतो आणि काम उरते. कारागिरी चांगली, सामान चांगले, मालकाची नियतही चांगली. आणि तरीही काम फसते. या फसण्याचे कारण व्यवस्थेत असते, आणि ही व्यवस्था शिकण्यासारखी व शिकविण्यासारखी एक स्वतंत्र विद्या आहे, ही जाणीव जगाला फार उशिरा झाली.

इमारती, पूल, धरणे, रस्ते, लोहमार्ग अशा कामांचा क्रम ठरविणे, त्यांचा खर्च आधी अजमावणे, माणसे आणि सामान यांचा मेळ घालणे, देखरेख करणे, मजुरी वेळच्या वेळी चुकती करणे आणि काम ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या दर्जाचे करून देणे, एवढा सगळा व्याप या विद्येत येतो. तिला 'बांधकाम-व्यवस्थापन' असे भारदस्त नाव पुढे मिळाले. परंतु नाव मिळण्यापूर्वीही काम चालूच होते, आणि त्या कामातील चुकांची किंमतही कोणी ना कोणी मोजीत होते.

कारखान्यातील काम आणि बांधकाम यांत एक मूलभूत फरक आहे. कारखान्यात वस्तू कामगारांच्या पुढून सरकत जाते. बांधकामात वस्तू जागच्या जागी असते आणि कामगारांच्या टोळ्या एकामागून एक तिच्यावर येऊन जातात. खोदाई करणारे जातात, गवंडी येतात. गवंडी जातात, सुतार येतात. सुतारांच्या पाठोपाठ नळकाम करणारे आणि रंगारी. यांपैकी प्रत्येकाचा मक्तेदार निराळा, मुकादम निराळा, बोलीही पुष्कळदा निराळी. कारखान्याला छप्पर असते. बांधकामाला ऊन, वारा आणि पाऊस सोसावा लागतो. शिवाय कारखाना उद्या त्याच जागी असतो आणि काल झालेली चूक आज सुधारता येते. बांधकामाचा तळ मात्र काम संपताच उठतो. तेथे जमलेली माणसे दाही दिशांना पांगतात आणि त्यांच्याबरोबर त्यांनी मिळविलेले शहाणपणही पांगते. पुढच्या कामावर नवी माणसे येतात आणि जुन्याच चुका नव्याने करतात. पांगणारे हे शहाणपण एकत्र साठवावयाचे कोठे, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

याचे बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या सह्याद्रीतच आहे. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत मागे पडते आणि गाडी बोरघाट चढू लागते. तेथील बोगदे मोजीत बसण्याची मुलांची हौस पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. परंतु ते बोगदे कसे घडले हे ठाऊक असणारे प्रवासी थोडेच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले यांच्या योजनेप्रमाणे या घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. सुमारे १६ मैलांच्या चढणीत १,८३१ फूट उंची गाठावयाची, २५ बोगदे खोदावयाचे, आठ मोठे कमानपूल उभारावयाचे. आणि काही ठिकाणी चढ इतका उभा की ३७ फूट पुढे जावे तेव्हा गाडी १ फूट वर चढणार. खडक सगळा काळा, कठीण. कड्यावर उभे राहण्यास जागा नाही, म्हणून माणसांना दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेत. भोके पाडावयाची ती पहारीने आणि हातोड्याने.

हा मक्ता विल्यम फॅव्हिएल यांनी घेतला होता. मुंबई ते ठाणे या पहिल्या लोहमार्गाचे काम करणाऱ्या मक्तेदारांपैकी हे एक. म्हणजे माणूस नवखा नव्हता. परंतु सपाटीवरील कामाचा अनुभव घाटात पुरा पडला नाही. पावसाळा आला की काम बहुतांशी बंद पडावयाचे आणि मजूर आपापल्या गावी जावयाचे. पावसाळा सरल्यावर हजारो माणसे पुन्हा गोळा करावयाची. मध्येच पटकीची साथ उद्भवली म्हणजे होती ती टोळीही पळून जावयाची. मजुरी थेट मजुराच्या हाती पडत नसे. मोठ्या मक्तेदाराकडून लहान मक्तेदाराकडे, तेथून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे अशा पायऱ्या उतरत ती खाली यावयाची, आणि प्रत्येक पायरीवर तिला गळती लागावयाची. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा असंतोष भडकला आणि दंगा झाला. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी मक्ता सोडला. मालक आणि मजूर यांच्या तंट्यांविषयी १८६० साली जो कायदा झाला, त्यामागे या घाटातील प्रकरण होते.

या प्रसंगातून निघणारा बोध आजच्या कोणत्याही बांधकाम-व्यवस्थापनाच्या ग्रंथात पहिल्या प्रकरणात घालण्याजोगा आहे. बर्कले यांचे नकाशे चुकले नव्हते आणि मोजमापही चुकले नव्हते. इंजिनियरिंग शास्त्र ज्याला म्हणतात, ते घाटात पूर्णपणे उपस्थित होते. अनुपस्थित होती ती माणसांची आणि पैशांची व्यवस्था. आणि तिच्या अभावी जगातील एक अत्यंत धाडसी काम तीन वर्षांनंतर ठप्प होण्याच्या बेतास आले.

पुढे हा मक्ता सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतला. ते १८५९ साली सहकुटुंब हिंदुस्थानात आले आणि महिनाही पुरा लोटण्याच्या आत आजाराने मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी मक्ता परत करून स्वदेशी जावे, असेच कोणीही म्हटले असते. त्यांनी तसे केले नाही. या कामाची माहिती असलेले ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनियर व्यवस्थापक म्हणून नेमून त्यांनी मक्ता चालू ठेविला. बाईंनी स्वतः एकही बोगदा खोदला नाही आणि एकाही कमानीचे गणित केले नाही. योग्य माणसे योग्य जागी नेमावी, त्यांच्यावर विश्वास टाकावा आणि पैशांचा प्रवाह अडू देऊ नये, एवढेच त्यांनी केले. आणि व्यवस्थापन व्यवस्थापन म्हणतात ते याहून फारसे निराळे नाही. १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० हून अधिक माणसे काम करीत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. तो दिवस पाहण्यास बर्कले मात्र हयात नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचा अंत झाला होता. आणि साथींत व अपघातांत जे मजूर दगावले, त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत.

गोष्ट येथे संपली असती तर ती विजयाची कथा म्हणून सांगता आली असती. परंतु १८६७ च्या पावसाळ्यात या घाटातील एक मोठा कमानपूल कोसळला. त्यानंतरच्या चौकशीत या लोहमार्गावरील दगडी बांधकामाचे अनेक दोष उघडकीस आले. दर्शनी भागाला घडीव दगड आणि पोटात कशीतरी भरलेली खडी, असे खांब वरून देखणे दिसत; आत मात्र ते एकजीव नसत. घाई, अपुरी देखरेख आणि तळाच्या माणसाचे अपुरे शिक्षण या तिन्ही गोष्टी त्या खांबांच्या पोटात दडल्या होत्या. काम मुदतीत झाले एवढ्यावरून ते चांगले झाले असे ठरत नाही, हा दुसरा बोध त्या पुलाने दिला.

तळाच्या माणसाच्या शिक्षणाची गरज सरकारला त्यापूर्वीच जाणवू लागली होती. बोरघाटात पहिला सुरुंग उडण्याच्या आधी दोन वर्षे, म्हणजे १८५४ साली, पुण्यात इंजिनियरिंगचा एक वर्ग उघडण्यात आला. सार्वजनिक कामांवर देखरेख करणारे दुय्यम दर्जाचे नोकर तयार करणे, एवढाच त्याचा माफक हेतू होता. पूल, कालवे, धरणे आणि लोहमार्ग यांची कामे भराभर निघत होती, आणि साहेब इंजिनियरांच्या व मजुरांच्या मधली जागा भरून काढण्यास मोजमाप जाणणारी, हिशेब ठेवणारी आणि देशी भाषा बोलणारी माणसे हवी होती. याच वर्गाचे पुढे महाविद्यालय झाले. काही काळ त्याने कॉलेज ऑफ सायन्स हे नाव धारण केले, १९११ पासून ते पुण्याचे कॉलेज ऑफ इंजिनियरिंग म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि २०२२ साली त्याला तंत्रशास्त्र विद्यापीठाचे रूप आले.

येथे घाट आणि विद्यालय यांना जोडणारा एक सुंदर धागा सापडतो. बर्कले यांच्या स्मरणार्थ स्थापत्याच्या परीक्षेसाठी एक पारितोषिक ठेवण्यात आले होते. १८८३ साली ते पारितोषिक पुण्याच्या या विद्यालयातून परीक्षेत पहिल्या आलेल्या एका म्हैसूरकर विद्यार्थ्याला मिळाले. त्या विद्यार्थ्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दुसऱ्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. पुढे खडकवासल्याच्या धरणावर १९०३ च्या सुमारास त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, आणि दख्खनच्या कालव्यांसाठी पाणी पाळीपाळीने वाटून देण्याची जी पद्धत आखली ती तर निखळ व्यवस्थापनच होती. धरण तेच, पाणी तेच. वाटण्याचा क्रम बदलला आणि त्याच पाण्यात अधिक रान भिजू लागले. नुसत्या तंत्राला व्यवस्थेची जोड मिळाली म्हणजे काय होते याचे हे उदाहरण होय. परंतु विश्वेश्वरय्यांनी ही दृष्टी पाठ्यक्रमातून मिळविली असे म्हणता येत नाही. त्या काळच्या पाठ्यक्रमात तुळईची ताकद, चुन्याचे प्रमाण आणि जमिनीची मापणी शिकवीत. माणसे, वेळ आणि पैसा यांचे शास्त्र प्रत्येकाने आपल्या अनुभवाने, म्हणजे बहुधा सरकारच्या किंवा मालकाच्या खर्चाने, शिकावे अशीच रीत होती.

हे शास्त्र आकाराला आले ते प्रथम कारखान्यांत. अमेरिकेतील हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपावे हे आडव्या पट्ट्यांनी दाखविणारा तक्ता रूढ केला. पोलंडमधील कारोल आदामियेत्स्की यांनी तशाच स्वरूपाची युक्ती १८९६ साली योजिली होती. पण पट्ट्यांच्या तक्त्यात एक उणीव होती: एक काम लांबले तर दुसऱ्या कोणत्या कामांना धक्का बसेल हे त्यातून कळत नसे. ती उणीव १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रासायनिक कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या यंत्रकंपनीचे जेम्स केली या दोघांनी भरून काढली. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या आरमाराने पोलॅरिस अस्त्राच्या कामासाठी याच जातीची दुसरी पद्धत सिद्ध केली.

वॉकर आणि केली यांच्या पद्धतीचे मर्म साध्या घराच्या उदाहरणाने समजते. समजा, पाया १५ दिवसांचा, जोते ५ दिवसांचे, भिंती ३० दिवसांच्या आणि छप्पर २० दिवसांचे आहे. ही कामे एकामागून एकच होऊ शकतात; म्हणून ती एक साखळी झाली आणि तिची लांबी ७० दिवस. दुसरीकडे खिडक्यांची तावदाने सुताराच्या दुकानात २५ दिवसांत तयार व्हावयाची आहेत, आणि ती बसवावयाची छप्पर झाल्यावर. सुताराने १० दिवस उशीर केला तरी घर एक दिवसही लांबत नाही, कारण त्याच्यापाशी ४५ दिवसांची सवड आहे. परंतु भिंतीचे काम ४ दिवस लांबले की संपूर्ण घर ४ दिवस लांबते. आणि ते ४ दिवस ज्येष्ठाच्या शेवटी आले, तर पावसाने अडून ते ४ महिनेही होऊ शकतात. सामान्य मालक सुतारावर ओरडतो, कारण सुताराचा उशीर डोळ्यांना दिसतो. जाणता व्यवस्थापक भिंतीपाशी उभा राहतो. कोणत्या साखळीवर सगळ्या कामाचा जीव अवलंबून आहे ते आधी ओळखावे आणि आपले लक्ष, पैसा व माणसे तेथे लावावीत, हे या पद्धतीचे सार.

एवढी साधने हाती आल्यावर बांधकामाच्या धंद्याची कामगिरी सुधारावयास हवी होती. ती सुधारली काय, या प्रश्नाचे संशोधकांनी दिलेले उत्तर चिंताजनक आहे. डेन्मार्कमधील बेंट फ्लिवब्यर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी २० देशांतील २५८ वाहतूकविषयक कामांचा, म्हणजे लोहमार्ग, पूल, बोगदे व रस्ते यांचा, अभ्यास करून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर १० कामांपैकी ९ कामांत प्रत्यक्ष खर्च अंदाजाहून अधिक झाला होता. लोहमार्गांत ही वाढ सरासरी शेकडा ४५, पूल व बोगद्यांत शेकडा ३४ आणि रस्त्यांत शेकडा २० होती. पण सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. ही कामे सुमारे ७० वर्षांच्या कालखंडात पसरलेली होती, आणि या ७० वर्षांत अंदाज चुकण्याच्या प्रमाणात काहीही सुधारणा झालेली आढळली नाही. अज्ञानाने होणारी चूक अनुभवाने कमी व्हावयास हवी. ती कमी होत नाही, याचा अर्थ काम मंजूर व्हावे म्हणून खर्च जाणूनबुजून कमी दाखविला जातो, असा आरोप या संशोधकांनी स्पष्ट शब्दांत केला. म्हणजे तक्ते कितीही सुरेख असले, तरी त्यांत भरलेला पहिला आकडाच प्रामाणिक नसेल तर पुढील सारी विद्या व्यर्थ ठरते. घरातही हेच घडते. 'इतक्यात होऊन जाईल' असे सांगून मक्तेदार काम घेतो, खरा आकडा काय असेल हे मालकही मनातून जाणतो, परंतु दोघेही गोड आकड्यावर विश्वास ठेवितात.

दुसरे एक संशोधन तळाच्या माणसाकडे बोट दाखविते. अमेरिकेतील ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेगरी हॉवेल यांनी अनेक बांधकामांवरील आठवड्याचे आराखडे तपासले. या आठवड्यात अमुक कामे पुरी करावयाची असे ठरलेल्या कामांपैकी सरासरी निम्म्याहून थोडीच अधिक कामे प्रत्यक्षात पुरी होत असल्याचे त्यांना आढळले. कारण शोधता दिसून आले की आराखडा वरच्या कचेरीत होतो आणि काम मुकादमाच्या टोळीला करावयाचे असते. सामान आले आहे काय, आधीची टोळी हलली आहे काय, नकाशा हाती पडला आहे काय, हे मुकादमाला कोणी विचारीतच नाही. म्हणून त्यांनी मुकादमालाच शेवटचा आराखडाकार मानले. तो 'हे होईल' म्हणेल तेवढेच आठवड्याच्या यादीत घालावयाचे. जे झाले नाही त्याचे कारण शनिवारी लिहून काढावयाचे. आणि पुढील आठवड्यात ते कारण दूर करावयाचे. युक्ती इतकी साधी आहे की ती सुचावयास विसावे शतक सरत यावे याचेच आश्चर्य वाटते. अर्थात तिच्यासाठी मुकादमाला लिहितावाचता आले पाहिजे आणि 'नाही' म्हणण्याची मुभाही असली पाहिजे.

इंग्लंडच्या सरकारनेही या धंद्याची दोनदा झाडाझडती घेतली. १९९४ साली सर मायकेल लॅथम यांनी आणि १९९८ साली सर जॉन ईगन यांनी आपापले अहवाल सादर केले. मालक, इंजिनियर आणि मक्तेदार एकमेकांशी भांडण्यात जी शक्ती दवडतात ती एकजुटीने कामाकडे लावावी, हा पहिल्याचा मथितार्थ. आणि दर वर्षी खर्च व वेळ शेकडा १० ने आणि दोष व अपघात शेकडा २० ने घटवावेत, हे दुसऱ्याने घालून दिलेले उद्दिष्ट. उद्दिष्टात खर्चाच्या पंगतीला अपघात बसविले गेले, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. एरवी अपघात हा दैवाचा भाग मानून हिशेबाबाहेरच ठेविला जातो.

व्यवस्थेने काय साधते हे पाहण्यास मात्र परदेशी जाण्याचे कारण नाही. बोरघाटानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच सह्याद्रीच्या पायथ्याने कोकण रेल्वे गेली. १९९० साली त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि एलात्तुवलपिल श्रीधरन हे त्याचे अध्यक्ष झाले. सुमारे ७४० किलोमीटर लांबी, ९० हून अधिक बोगदे, पावणेदोनशेच्या आसपास मोठे पूल आणि ४०,००० हून अधिक जमीनमालकांशी व्यवहार, असा हा पसारा. सबंध मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर एक मुख्य इंजिनियर नेमण्यात आला आणि निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती तेथल्या तेथे देण्यात आला. मक्तेदारांची देयके रखडू न देण्याकडे कटाक्ष ठेविला गेला. १८५९ साली ज्या दोन गोष्टींवाचून घाट अडला होता, नेमक्या त्याच या दोन गोष्टी. कठीण खडकातील काही बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रे आणली गेली. तरीही मुदत टळलीच. ५ वर्षांत पुरा व्हावयाचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध खुला झाला. गोव्यात मार्ग कोठून न्यावा याविषयी वाद उपस्थित होऊन काही काळ काम थांबले. पेडण्याच्या बोगद्यात ओली, मऊ माती वारंवार ढासळत राहिली आणि तेथे माणसेही दगावली. उत्तम व्यवस्था निसर्गाला आणि लोकमताला हुकूम सोडू शकत नाही. आलेल्या अडचणीमुळे बाकीचे काम विसकटू नये, एवढेच ती पाहते. एका बाबतीत मात्र काळ निश्चित पुढे गेला होता. या मार्गासाठी प्राण वेचलेल्यांचे स्मारक रत्नागिरीत उभे राहिले. बोरघाटात ज्यांची नावे कोठेच राहिली नाहीत त्यांचे वारस या वेळी निदान आठवले गेले.

आता शिक्षणाचे पाहिले पाहिजे. १९८३ साली बांधकाम-व्यवसायातील धुरीणांच्या पुढाकाराने बांधकाम-व्यवस्थापन व संशोधन यांसाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि पुण्यात तिचे मोठे विद्यालय आहे. इंजिनियरिंगच्या महाविद्यालयांतूनही हा विषय शिकविला जातो. वरच्या पायरीवर शिक्षणाची सोय झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु देशात शेतीखालोखाल माणसे सामावून घेणाऱ्या या धंद्यात पदवीधर मूठभर आणि बिगारी, गवंडी, सेंट्रिंगवाले व मुकादम अगणित. गवंडी आपले काम वडिलांच्या किंवा मामाच्या हाताखाली घमेले वाहत वाहत शिकतो. त्याच्या हाताला कसब असते, पण सिमेंटच्या मिश्रणात पाणी जास्त झाले तर ते कमजोर का होते, ओले काँक्रीट पुढे कित्येक दिवस पाण्याने भिजत का ठेवावयाचे, याचे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. नियम सांगितला जातो, कारण सांगितले जात नाही. आणि कारण न कळलेला नियम देखरेख करणाऱ्याची पाठ फिरताच मोडला जातो. १८६७ साली कोसळलेल्या त्या पुलाच्या खांबांत खडी भरणाऱ्या हातांनाही कारण कोणी सांगितले नसावे.

१९९६ साली बांधकाम-मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविण्यात आला. कल्याणात शिक्षणाचा वाटा मोठा असला पाहिजे, आणि ते शिक्षण मजुराच्या भाषेत, कामाच्या जागी आणि मजुरी न बुडविता दिले गेले पाहिजे. दिवसभर सळ्या वाकवून दमलेल्या माणसाला रात्री परभाषेतील पुस्तक देणे म्हणजे शिक्षण नव्हे. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी अर्धा तास, त्याच दिवशी करावयाच्या कामाविषयी, त्याच सामानापुढे उभे राहून सांगितलेले चार शब्द त्याच्या जन्मभर उपयोगी पडतात.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. कारण जन्मभराची पुंजी ज्या घरात घातली जाते ते घर याच व्यवस्थेतून उभे राहते. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा शेकडा ७० भाग त्या बांधकामासाठीच निराळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन बांधकाम करविणाऱ्यांवर घातले, रचनेतील दोष ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत उघडकीस आल्यास ते विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली आणि कामाच्या प्रगतीची माहिती वेळोवेळी प्रसिद्ध करावयास लावली. परंतु ही माहिती वाचणारे ग्राहक किती? दिवाणखान्यातील फरशीचा रंग पाहण्यास सारे कुटुंब जाते. कामाचा आराखडा काय, तो कोठवर आला आणि मजुरांना डोक्यावर शिरस्त्राण व पिण्यास पाणी मिळते की नाही, हे पाहण्यास कोणी जात नाही. ज्या कामावर मजुराची हेळसांड होते, त्या कामावर सिमेंटचीही हेळसांड होत असते, हे चाणाक्ष ग्राहकाने ओळखावे. विशेष गोड मुदत आणि विशेष गोड किंमत सांगणाऱ्यापाशी, ती कोणत्या हिशेबाने सांगितली, एवढे तरी विचारावे.

बांधकामाचा तळ उठतो आणि शहाणपण पांगते, हे आरंभी सांगितलेच आहे. ते साठविण्याच्या जागा तीनच आहेत. पहिली, कामाची नोंदवही: काय ठरले, काय झाले आणि जे झाले नाही ते का झाले नाही, हे खरेपणाने लिहून ठेविलेली. दुसरी, संशोधकाचे टेबल: जेथे अशा शेकडो वह्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या जातात. आणि तिसरी, शाळा: मग ती विद्यापीठाची असो की मुकादमांसाठी भिंतीच्या आडोशाला भरणारी. वही खोटी असेल तर संशोधन खोटे होते. संशोधन शाळेपर्यंत पोहोचले नाही तर ते कपाटात राहते. आणि शाळा मुकादमापर्यंत पोहोचली नाही, तर खांबाच्या पोटात पुन्हा खडीच भरली जाते. ही साखळी ज्या देशात अखंड राहील त्या देशातील माणसे घर बांधण्यास भिणार नाहीत, आणि घर पाहावे बांधून ही म्हण तेथील मुलांना समजावून सांगावी लागेल.